सोडायचा राहिलेला उपास

कोपरखैरण्यात श्रावण आधी वाण्याच्या दुकानात येतो. आभाळ, ऊनपाऊस, इंद्रधनुष्य वगैरे मंडळी नंतर सावकाश येतात. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साबुदाण्याची पोती पुढे ओढली जातात, बरण्यांत राजगिऱ्याचे लाडू चढतात, वरई, शिंगाड्याचं पीठ, उपासाची भाजणी यांची रांग लागते आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत येतं, ‘उपवासाचे सर्व सामान मिळेल’. परवा ऑफिसातून येताना मी त्या पुठ्ठ्यासमोर थांबले. दुकानदार म्हणाला, “काय देऊ ताई?” मी म्हटलं, “शेंगदाण्याची चिक्की द्या.” आणि ती रस्त्यातच कडाकडा चावत घरी आले.

यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. बाई चिक्की खाते, त्याचा लेख कसला लिहितेस! पण एक श्रावण असा गेलाय माझा, की तो पुठ्ठा पाहून मला हायसं वाटायचं. चला, आता महिनाभर कुणी ‘जेवलीस का’ म्हणून विचारणार नाही.

लहानपणी मला श्रावण भारी आवडायचा. सोमवारी शाळा लवकर सुटायची, जिना चढतानाच भाजलेल्या दाण्यांचा वास यायचा. आई मूळची वाईची, शंकराची मोठी भक्त. दिवसभर ती खिचडी नाहीतर नुसती फळं खायची आणि तिन्हीसांजेला उपास सोडायची. ते सोडणं म्हणजे सोहळा असायचा. केळीचं पान, गरम वरणभात, त्यावर तूप, अळूचं फदफदं, पडवळाची भाजी, काहीतरी गोड. आधी देवाला नैवेद्य, मग आम्ही. आई पहिला घास घ्यायची तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळायचा की वाटायचं, दिवसभराचा उपास हिने या घासासाठीच धरलाय. बाबा तिला चिडवायचे, “शंकर राहिला बाजूला, तुझी भक्ती वरणभातावर.” ती म्हणायची, “मग? देवानेच केलाय ना तांदूळ!”

त्या वर्षी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझं कुठे काय बिनसलं ते इथे उगाळत बसत नाही. कुणीतरी बोललेलं एक वाक्य, आरशासमोरची एक दुपार, परीक्षेचं टेन्शन, सगळं मिळून काहीतरी झालं. न खाण्याने मला आधी बरं वाटलं आणि मग दुसऱ्या कशानेच बरं वाटेनासं झालं. आमच्यासारख्या घरात न जेवणाऱ्या मुलीला कुणी सुखाने न जेवू देत नाही. सतरा प्रश्न विचारतात. पण उपास करणाऱ्या मुलीला? तिला सगळे हात जोडतात! मी सोमवार धरला. मग गुरुवार. चतुर्थी, एकादशी होत्याच. मग सोळा सोमवार. मावशी फोनवर हसून आईला म्हणाली, “नवऱ्याची फार घाई झालेली दिसते पोरीला.” आई लाजली, पण खूश झाली. सोसायटीतल्या बायका आपापल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. “बघ जरा तिच्याकडे. इंग्लिश मीडियमची आहे, पण देवाधर्माचं किती करते.”

देवाधर्माचं! अहो, मी देवासमोर उभी राहून भजी कशी कुरकुरीत होतात याचा विचार करत असायचे. दिवसभर डोक्यात अन्न, अन्न आणि अन्न. भर पावसाळ्यात स्वेटर घालून फिरायचे इतकी थंडी वाजायची. कंगव्यात केस यायचे. मैत्रिणींशी बोलणं तुटलं, कारण त्या भेटल्या की वडापाव खायला चल म्हणायच्या. आणि डोक्यात एक आवाज सारखा डाफरत असायचा की अजून कमी, अजून कमी. तो आवाज कुणाला सांगायची चोरी. मला वाटायचं, हे असलं घाणेरडं फक्त माझ्याच डोक्यात आहे.

शंका आली ती पाटीलकाकूंना. तळमजल्यावर राहतात. इथल्याच मूळ गावातल्या, बिल्डिंगमधले दोन फ्लॅट त्यांचे. हातभर बांगड्या, खणखणीत आवाज, आणि मनात येईल ते तोंडावर. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, “काय गो पोरी, उपास धरतंस ता दिसतं. सोरतंस कवा? ता मना कदी दिसलाच नाय.” मी हसून वर पळाले. आईला कळलं तेव्हा ती चिडलीच. “त्यांना काय करायचंय? पोरीला दृष्ट लावतात नुसती.” संध्याकाळी तिने मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली.

श्रावण लागायच्या आधीच, आषाढातल्या एका सोमवारी मी त्याच जिन्यात कोसळले. बेलाची पानं घेऊन येत होते, पायऱ्या एकदम लांब गेल्या, एवढंच आठवतं. काकूंनीच उचललं म्हणे. नंतर मला सांगायच्या, “उचलली तं कापसाची उशी उचलल्यावानी. मनाच भ्याव वाटला.”

वाशीतल्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने तपासण्या केल्या, आई-बाबांना बाहेर बसवलं, माझ्याशी नीट बोलली आणि मग दोघांना आत बोलावून सरळ सांगितलं, “हा अशक्तपणा नाही. हा खाण्याचा आजार आहे, इटिंग डिसऑर्डर म्हणतात. मनाचा आजार आहे, पण शरीर खातो. असंच चाललं तर हृदयावर येईल. मी दर आठवड्याला तपासणार. सुधारणा दिसली नाही तर ॲडमिट करावं लागेल. पण माझ्या एकटीच्याने हे बरं होणार नाही. हे काम येतं असा थेरपिस्ट शोधा, आणि लवकर शोधा.” आई म्हणाली, “पण डॉक्टर, ती तर उपास करते.” डॉक्टरणीने चिठ्ठीवर ‘थेरपिस्ट’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शोधा म्हणाली, पण कुठे शोधायचं? चांगला शिंपी कुठे, हापूसची पेटी एपीएमसी बाजारातून कुणाकडून घ्यायची, हे आमच्याकडे कुणालाही विचारता येतं. थेरपिस्ट कुठला चांगला, हे सोसायटीच्या ग्रुपवर कसं टाकणार? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, लग्न ठरलं की खाईल. मावशीने एका डाएटिशियनचं नाव दिलं. तिच्या भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो. आम्ही दोघी आत गेलो तर तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, मग आईकडे वळली आणि म्हणाली, “मावशी, पहिल्यांदा भात बंद करायचा हं.” आईला काही क्षण कळेना. मग तिच्या लक्षात आलं की बाईंनी पेशंट तिलाच ठरवलंय. “अहो, मी नाही, ही!” “हिला काय झालंय? हिचं तर मस्त आहे!” आई तिथून उठली ती जिना उतरेपर्यंत पुटपुटत होती. मला हसूही येत होतं आणि त्या ‘मस्त आहे’ने आतून आनंदही झाला होता. तोच आनंद भयंकर होता.

मग फोनवरच्या एक थेरपिस्ट बाई झाल्या, व्हिडिओवर भेटायच्या. चांगल्या होत्या, मृदू बोलायच्या, पण सगळं इंग्रजीत. जेवणाविषयी काय वाटतं, असं त्यांनी विचारलं की मी सुरेख उत्तरं द्यायचे. इंग्रजीत मला खोटं बोलायला कष्टच पडले नाहीत. ती भाषा मी मार्क मिळवायलाच शिकले होते, तिथेही मार्क मिळवले. उपासांचं सांगितलं तर म्हणाल्या, ही तर किती सुंदर परंपरा. झालं! मी आणखी एक उपास वाढवला.

खरं सांगायचं तर मला थेरपिस्ट नकोच होता. कुणी सापडला नाही की मला बरं वाटायचं. आणि त्याच वेळी आपण मरणार आहोत की काय, असंही वाटायचं. दोन्ही एकदम. आई रडायची, मी खेकसायचे, आणि बाबा गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

बाबा तुर्भ्याच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. येणारा माल पास की नापास, हे ठरवायचं त्यांचं काम. आयुष्यभर त्यांनी समोरच्याला नेमका एक प्रश्न विचारला असेल आणि उत्तर ऐकून घेतलं असेल. आईला भावना सुचतात, बाबांना पद्धत सुचते. ते जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटबाहेर उभे राहून फोन लावायला लागले. पनवेलपासून ठाण्यापर्यंत जिथे जिथे समुपदेशन असं लिहिलेलं दिसलं तिथे. आणि प्रत्येकाला एकच विचारायचे, “खाण्याच्या आजाराचे पेशंट तुम्ही स्वतः बरे केलेत का?” बहुतेक म्हणायचे, हो हो, आम्ही सगळंच बघतो. सगळंच बघतो म्हटलं की बाबा ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवायचे. त्यांच्या हिशेबी तो माल नापास.

एके दुपारी ऐरोलीच्या एका बाईंनी वेगळं उत्तर दिलं. म्हणाल्या, “नाही हो. मला हे काम येत नाही. करायला घेतलं तर तुमच्या मुलीचे महिने फुकट जातील. पण जुईनगरला एक जण आहेत, त्या हेच करतात. नंबर देऊ?” त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. त्यांचं नावही बाबांच्या लक्षात नाही. पण आजही माझ्या मनात त्यांच्यासाठी फार जागा आहे. मला येत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या म्हणून मी वाचले.

जुईनगरच्या मॅडमची खोली स्टेशनपासून जवळच, एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर होती. खाली इस्त्रीवाला, बाजूला मुलांचे क्लासेस, पाढ्यांचा आवाज. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आत फक्त मला घेतलं आणि मराठीत विचारलं, “इथे यायची इच्छा नसेल ना तुझी?” मी म्हटलं, “नाही.” “बरं झालं, खरं बोललीस. यायची इच्छा असणारे माझ्याकडे कमीच येतात.” मला हसू फुटलं. कितीतरी आठवड्यांनी.

मग त्यांनी आईला आत बोलावलं. घरात उपास कोण कोण करतं, असं सहज विचारलं. आई खुलली. स्वतःचे सांगितले, माझे सांगितले, सोळा सोमवारांचं तर विशेष कौतुकाने. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “आणि सोडतेस कधी?”

आई म्हणाली, “सोडते ना, संध्याकाळी. नैवेद्याचं ताट खोलीत नेते, वाचत वाचत जेवते.”

मॅडम माझ्याकडेच पाहत होत्या. “मागच्या सोमवारी काय खाल्लंस गं सोडताना?”

काय सांगणार? आईच्या हातचा मेनू तोंडपाठ होता, सांगून टाकता आला असता. इंग्रजीत सांगितलाही असता. पण मराठीत, आईच्या शेजारी बसून, त्या नैवेद्याविषयी मला खोटं बोलता येईना. माझ्या तोंडून एकदम निघालं, “आई, मी कधी सोडलाच नाही गं उपास.” आणि मग मी जी रडायला लागले ती थांबेचना. शेजारच्या क्लासमधले पाढेसुद्धा बंद पडले.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आईला म्हणाल्या, “ताई, तुम्ही उपास धरता तेव्हा तो कधी सुटणार ते तुम्हाला ठाऊक असतं. हिला ते ठाऊक नाही. म्हणून तुमचा तो उपास आणि हिचा आजार. यात देवाचं काही नाही, हिचंही नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. बरा होतो हा. वेळ लागतो, पण बरा होतो.”

‘बरा होतो’ हे शब्द ऐकले आणि माझे खांदे खाली आले. ते इतके महिने वर ओढून धरले होते हे मला तेव्हा कळलं. डोक्यातल्या त्या आवाजाला नाव होतं. तो माझ्या एकटीच्या डोक्यात नव्हता. या बाईने तो आधी ऐकलेला होता, त्याच्या सगळ्या खोड्या तिला माहीत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की त्या खुर्चीतच झोप लागेल असं वाटलं.

उठताना मॅडम म्हणाल्या, “एक सांगते, जड जाईल. मी सांगेपर्यंत घरात उपास नको. कुणाचाच नको.” आईचा चेहरा उतरला. “माझे तर लग्नाआधीपासूनचे आहेत हो.” “माहीत आहे ताई. म्हणून तर तुम्हाला सांगतेय.” घरी आल्यावर आई देवासमोर बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती शंकराला अगदी शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाली, “हे बघ, पाप लागणार असेल तर मला लाव. पोरगी जेवू दे माझी.”

श्रावणातला शेवटचा सोमवार. दुपारी बारा वाजता आईने दोन ताटं घेतली. वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी. तिने भात कालवला, हात तोंडापाशी नेला आणि थांबली. माझ्यासाठी तो घास डोंगराएवढा होता आणि तिच्यासाठीही, हे मला पहिल्यांदा दिसलं. एवढ्यात दार ढकलून पाटीलकाकू आत. त्यांनी ताटं पाहिली. “आज सोमवार हाय ना गो?” सोसायटीत संध्याकाळपर्यंत बातमी फिरणार, हे आईला माहीत होतं. पण ती म्हणाली, “आहे. आम्ही जेवतोय. पोरीला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तिच्यासोबत मलाही.” काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून खालीच बसल्या. “मंग वाढ मना पन थोरा भात. माझा देव काय रागावनार नाय.” त्यांचाही उपास होता! तिघी जेवलो. मी फार थोडं खाल्लं, रडत खाल्लं, पण ताट घेऊन खोलीत गेले नाही. काकूंनी दोनदा भात घेतला आणि बाहेर कुणाला काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर सगळं गोडगोड झालं असं नाही हं. गणपतीत मी मोदकांवरून आकांडतांडव केलं. दिवाळीत पुन्हा घसरले. डॉक्टरीण तपासत होती, मॅडमनी त्यांच्या ओळखीची एक आहारतज्ज्ञ दिली, तिच्या भिंतीवर एकही फोटो नव्हता. मी मॅडमना नाही नाही ते बोलले, एकदा अर्ध्यातून उठून आले, पुढच्या आठवड्यात तोंड पाडून परत गेले. त्या म्हणाल्या, “ये. चहा घेणार?” हळूहळू त्या आवाजाचा आवाज कमी झाला. नेमका कधी ते सांगता येत नाही. एकदा मैत्रिणींबरोबर सागर विहारला खाडीकाठी कणीस खात होते आणि चिंबोरी, म्हणजे खेकडा, कशी चालते यावरून वाद घालत होते. घरी आल्यावर लक्षात आलं की कणीस खाताना मी फक्त कणीस खाल्लं.

आता मी महाप्याला नोकरी करते. जुईनगरला कधीतरी जाते, बहुतेक गप्पा मारायलाच. घरात उपासाचा विषय मात्र कुणी काढला नव्हता. मॅडमनी केव्हाच मोकळीक दिली होती, तरी आईने काही धरला नाही. यंदा श्रावण लागायच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने वर न पाहता विचारलं, “मी सोमवार धरू का गं?”

आईने मला परवानगी मागितली! आधी वाटलं, मॅडमना विचारावं. मग मी मनात डोकावून पाहिलं. भीती होती, थोडीशी. पण आपणही धरावा, असं मात्र वाटलं नाही. मी म्हटलं, “धर की. मी आपली जेवीन.”

पहिल्या सोमवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी आई खिचडी खात होती, तिच्यासमोर मी पोळीभाजी खाल्ली. चारला भूक लागली तेव्हा दडपे पोहे केले. संध्याकाळी बाबा केळीचं पान घेऊन आले, आईने नैवेद्य दाखवला आणि आम्ही तिघं बसलो. आजारपणातल्या त्या श्रावणापासून आईला एक सवय लागली होती. आम्ही जेवायला बसलो की ती बोलायची वेगळं, पण तिची नजर हळूच माझ्या ताटात जाऊन यायची. भात कुठवर आलाय, पोळी किती उरलीय. मी बरी झाल्यावरही ती नजर थांबली नव्हती आणि मी कधी तिला टोकलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी वाट पाहत होते. आईने वरणभातावर तूप घेतलं, पहिला घास घेतला, डोळे मिटले. मग दुसरा, मग तिसरा. तिला सपाटून भूक लागली होती. ती खाली मान घालून जेवत राहिली आणि माझ्या ताटाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.